एकटी निघालेली इसाबेला

इसाबेला बर्ड या इंग्रज बाईंचा जन्म १५ ऑक्टोबर १८३१ रोजी यॉर्कशायर परगण्यातील बरोब्रिज येथे झाला. वडील एडवर्ड बर्ड हे आधी कलकत्त्यास वकिली करीत. तेथे पहिली पत्नी गमावल्यावर ते मायदेशी परतले आणि पुढे धर्मोपदेशक झाले. इसाबेला ही त्यांच्या दुसऱ्या पत्नीची मुलगी. चण लहान, उंची पाच फुटांपेक्षाही कमी, आणि लहानपणापासून पाठीच्या कण्याचे दुखणे. अठराव्या वर्षाच्या सुमारास कण्याजवळची एक गाठ शस्त्रक्रिया करून काढावी लागली. तरी दुखणे गेले नाही. दिवसचे दिवस अंथरुणात जात. शेवटी डॉक्टरांनी समुद्रप्रवासाचा सल्ला दिला आणि १८५४ साली वडिलांनी तिच्या हातावर शंभर पौंड ठेवून सांगितले, की हे पुरतील तितके दिवस बाहेर राहा. ती अमेरिकेला गेली. परत आल्यावर जे पुस्तक लिहिले, ते १८५६ मध्ये छापले गेले.

हे शंभर पौंड मी विसरू शकत नाही. प्रवासवर्णनांतून धाडसाची स्तुती पुष्कळ असते, पण धाडसासाठी लागणारे पैसे कोणी दिले याचा उल्लेख फारसा नसतो. माझ्या घरात महाविद्यालयात पाऊल टाकणारी मी पहिलीच. तालुक्याच्या गावाला येण्यासाठी रोज सकाळी एस.टी. पकडते, तर आजी उंबऱ्यात उभी राहून अजूनही विचारते, की सोबत कोण आहे? त्यामुळे ग्रंथालयात इसाबेलाबाईंची माहिती वाचताना मी आधी तेच शोधू लागले. एकटी, एकटी म्हणतात खरे, पण सोबत कोण होते?

वडील गेल्यानंतर बाई धाकट्या बहिणीसह, हेन्रिएटासह, स्कॉटलंडमध्ये राहू लागल्या. घरी असल्या की पाठ दुखे, झोप येत नसे, मन खिन्न होई. १८७२ साली त्या पुन्हा निघाल्या. ऑस्ट्रेलिया त्यांना मुळीच आवडला नाही, पण १८७३ मध्ये हवाई बेटांवर पोचल्या आणि तेथे सगळे बदलले. इंग्लंडात बायका घोड्यावर दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसत. त्या बैठकीने बाईंची पाठ मोडून जाई. हवाईतल्या बायका पुरुषांसारखी मांड टाकून बसत. बाईंनीही तशी मांड टाकली आणि तेरा हजार फुटांहून उंच असलेल्या मौना लोआ या ज्वालामुखीवर चढून आल्या! त्याच वर्षी अमेरिकेच्या रॉकी पर्वतात त्यांनी घोड्यावरून शेकडो मैल रपेट केली, त्यातील बरीचशी एकटीने. घरात उशीला टेकून बसणारी बाई डोंगरात गोठवणाऱ्या थंडीत निजू शकत होती. तिच्या दुखण्याला ढोंग म्हणणारे लोक तेव्हाही असतील. मला मात्र ते ढोंग वाटत नाही. दुखण्याचे मूळ पाठीत किती आणि चार भिंतींत किती, हे कोणता डॉक्टर सांगणार?

परंतु मला सांगायचे आहे ते त्यांच्या जपानच्या प्रवासाविषयी.

१८७८ च्या मे महिन्यात बाई योकोहामाच्या बंदरात उतरल्या. वय सेहेचाळीस. जपानने परकीयांना दारे उघडून थोडीच वर्षे झाली होती. परदेशी माणसाने ठरलेल्या बंदरांत राहावे आणि भोवतालच्या दहा री, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटर टापूतच फिरावे, असा नियम होता. त्यापलीकडे जायचे तर परवाना लागे. तो प्रकृतीसाठी, वनस्पतींच्या अभ्यासासाठी किंवा शास्त्रीय संशोधनासाठी मिळे, आणि सहसा त्यात वाटही नेमून दिलेली असे. ब्रिटिश वकील सर हॅरी पार्क्स यांनी खटपट करून बाईंना वाटेचे बंधन नसलेला परवाना मिळवून दिला. त्यावरच्या अटी मोठ्या गमतीच्या आहेत. रानात विस्तव पेटवू नये, कुठे आग लागली तर घोड्यावर बसून बघायला जाऊ नये, शेतातून तुडवत जाऊ नये, देवळांच्या भिंतींवर काही खरडू नये, अरुंद रस्त्यावर गाडी भरधाव हाकू नये. भिंतींवर खरडण्याची अट आपल्याकडच्या किल्ल्यांच्या दारांवरही लावायला हरकत नाही!

मग दुभाष्याचा शोध सुरू झाला. बरेच जण आले, कोणाचे इंग्रजी कळेना, कोणाचा पोशाखच फार झकपक. सर्वांत शेवटी एक ठेंगणा, बाकदार पायांचा पोरगा आला. त्याचे नाव इतो त्सुरुकिची. वय अठरा-वीस. त्याच्याजवळ शिफारसपत्र एकही नव्हते, ती सगळी आगीत जळाली असे त्याने सांगितले. आपण अमेरिकन वकिलातीत काम केले आहे, एका वनस्पती गोळा करणाऱ्या साहेबाबरोबर उत्तरेकडे गेलो आहोत, इंग्रजी लिहिता येते, थोडा स्वयंपाक येतो, दिवसाला पंचवीस मैल चालता येते, असेही सांगितले. बाईंना तो आवडला नाही आणि त्याच्यावर विश्वासही बसला नाही. पण तो त्यांचे बोलणे समजू शकत होता आणि त्यांचे बोलणे त्याला कळत होते. महिना बारा येन ठरले. इतोने एक महिन्याचा पगार आगाऊ मागितला. बाईंनी दिला, पण मनात धाकधूक होतीच.

सामान दोघांचे मिळून एकशे दहा पौंड, म्हणजे पन्नास किलो. वर इतोचे वजन नव्वद पौंड. एवढेच एका जपानी तट्टाला झेपे. सामानात घडीची खुर्ची, रबराचे स्नानपात्र, हवा भरायची उशी, मेणबत्त्या, जपानचा मोठा नकाशा, इंग्रजी-जपानी शब्दकोश, स्वतःचे खोगीर आणि लगाम, आणि सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे कापडाची घडीची खाट. ती जमिनीपासून अडीच फूट उंच होती. पिसवा एवढी उडी मारणार नाहीत अशी आशा! खायला मनुका, चॉकलेट आणि मांसाचा अर्क. डोक्यावर बांबूची, उलट्या वाडग्यासारखी जपानी टोपी.

जून महिन्यात त्या तोक्योहून निक्कोकडे निघाल्या. अंतर नव्वद मैल, दिवस तीन, आणि वाहन म्हणजे माणसांनी ओढायची रिक्षा. वाटेत एक रिक्षावाला आजारी पडला. त्याने स्वतःच बदली माणूस शोधून दिला, ठरलेला करार तंतोतंत पाळला आणि आजाराच्या नावाखाली एक छदामही जास्त मागितला नाही. पहिली रात्र कासुकाबे गावच्या खाणावळीत काढली. खोलीच्या भिंती कागदी. त्या कागदाला भोके पडलेली, आणि प्रत्येक भोकामागे एक एक काळा डोळा! डास, पिसवा, शेजारच्या खोल्यांतला गोंगाट यांनी बाई घाबरून गेल्या. पुढे त्यांना स्वतःच्याच भीतीचे हसू आले.

ते डोळे मला पुस्तकभर दिसत राहिले. बाई जातील तेथे गर्दी. युझावा गावी त्यांना पाहण्यासाठी माणसे शेजारच्या छपरांवर चढली, त्यातले एक छप्पर कोसळले आणि पन्नासेक बायका-पुरुष-मुले खालच्या खोलीत आदळली. नशिबाने खोली रिकामी होती. वाचताना वाटले, मी तेथे असते तर खाटेवर नसते, छपरावर असते. आमच्या गावच्या धरणावर परदेशी पाहुणे आले होते, तेव्हा आम्ही पोरे बाभळींवर चढलो होतो.

निक्कोला कनाया नावाच्या गृहस्थाच्या स्वच्छ घरात राहून बाई पुढे गेल्या. त्यांनी सरळ हमरस्ता सोडला आणि डोंगरातून निइगाता, यामागाता, आकिता असे करीत उत्तरेचे टोक गाठायचे ठरवले. ही वाट चालत होती कशी, ते पाहण्यासारखे आहे. तोक्योत एक वाहतूक कंपनी होती, तिच्या कचेऱ्या गावोगाव होत्या. प्रत्येक री अंतराचा दर ठरलेला, पैसे भरले की छापील पावती, आणि पुढच्या मुक्कामापर्यंत तट्टू व माणूस हजर. घासाघीस नाही, फसवणूक नाही. तट्टे मात्र खोडकर. त्यांच्या पायांत नालांऐवजी गवती जोडे, ते दर काही मैलांनी झिजत आणि बदलावे लागत. कधी तट्टू मिळाले नाही तर बाई ओझ्याच्या गाईवरही बसल्या. गाई दिसल्या तेव्हा त्यांना ताजे दूध मिळेल अशी आशा वाटली. त्यांनी विचारताच सगळे लोक हसू लागले. वासराशिवाय दुसऱ्या कोणी गाईचे दूध काढावे ही कल्पनाच त्यांना नवी आणि किळसवाणी वाटली. कोंबडी विकत मागितली की लोक पाळण्यासाठी देत, पण ती मारून खाणार आहेत असे कळले की नको म्हणत.

एका संध्याकाळी सामानाचा एक पट्टा वाटेत पडला. अंधार झाला होता. तट्टू हाकणारा माणूस तसाच एक री मागे गेला आणि पट्टा घेऊन आला. बाईंनी काही पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. मुक्कामाला सारे सामान नीट पोचवणे हे आपलेच काम आहे, असे त्याने सांगितले. या माणसाचे नाव बाईंनी लिहिलेले नाही.

उत्तरेच्या डोंगरी गावांत बाईंनी पुष्कळ दारिद्र्य पाहिले. धुराने काळ्या झालेल्या झोपड्या, मुलांच्या अंगावर खरूज, न धुतलेले कपडे. त्यांनी ते स्पष्ट लिहिले. एका गावी खोकल्याने बेजार झालेल्या मुलाला त्यांनी औषध दिले, तर दुसऱ्या दिवशी पहाटे सारा गाव आपापली दुखणी घेऊन दारात उभा. बाईंना वाईट वाटले. त्यांच्या लिहिण्यात कणव आहे, पण वरून खाली पाहणेही आहे. साबण आणि औषध या लोकांना का मिळत नाही, हा प्रश्न त्या क्वचितच पुढे नेतात. योनेझावाच्या खोऱ्यातील राखलेली, पिकाने भरलेली शेते पाहून मात्र त्या इतक्या हरखून गेल्या, की त्यांना तो स्वर्गच वाटला.

आणि हे सारे बाईंना कळले कसे? इतोमुळे. शेतकरी काय म्हणाला, पोलीस काय विचारतो आहे, भाव काय, पूल वाहून गेला का, हे सर्व या पोराच्या तोंडून इंग्रजीत येई. तो प्रत्येक व्यवहारात आपले कमिशन काढून घेई, हे बाईंना ठाऊक होते. तो थोडा गर्विष्ठ होता, गोड खाण्याचा शौकीन होता आणि आपला देश सर्वांहून श्रेष्ठ मानणारा होता. पगाराचा बहुतेक भाग तो विधवा आईला पाठवी. त्याला साधे इंग्रजी नको होते, उत्तम इंग्रजी हवे होते. बाईंच्या तोंडून नवा शब्द आला की तो अर्थ विचारी, संध्याकाळी वहीत लिहून काढी आणि पुन्हा विसरत नसे. शब्द सभ्य की बाजारी हेही विचारून घेई. शिकवणी नाही, वर्ग नाही, परीक्षा नाही. पावसात भिजून, चिखल तुडवून, वीस मैल चालून आल्यावर हा अभ्यास! पहिल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसून मीही अशी वही भरली आहे. त्यामुळे पुस्तक वाचताना माझे लक्ष हळूहळू बाईंवरून इतोकडे गेले हे मान्य करते.

जुलैअखेर पावसाने कहर केला. डोंगर खचले, पूल वाहून गेले. तशाही स्थितीत दोघे आओमोरीला पोचले व आगबोटीने ऑगस्टमध्ये हाकोदातेला उतरले. त्या बेटाला परदेशी लोक तेव्हा येझो म्हणत, आजचे होक्काइडो. तेथे कळले, की इतोने मेरीज या वनस्पती गोळा करणाऱ्या साहेबाशी महिना सात येनवर करार केला होता आणि बाईंचे बारा येन ऐकून तो मोडला होता. ठरले असे, की बाईंचा प्रवास संपला की इतोने मेरीजकडे परत जावे.

या बेटावर बाई ऐनू या मूळच्या रहिवाशांमध्ये गेल्या. बिरातोरी गावात त्या मुखियाच्या झोपडीत राहिल्या, त्यांच्या चालीरीती विचारल्या, शब्द लिहून घेतले, एका आजारी बाईची शुश्रूषा केली. येथे इतोचे दुसरे रूप दिसते. या लोकांशी सभ्यपणे वाग असे बाईंनी सांगताच तो रागावला. ऐनू म्हणजे माणसे नव्हेतच, कुत्री आहेत, असे त्याचे म्हणणे. शिकायची एवढी ओढ असलेला पोरगा, पण ही तुच्छता तो घरूनच घेऊन आला होता. ऐनूंनी बाईंना विनवले, की आम्ही आमच्या चाली सांगितल्या हे जपानी सरकारला सांगू नका, आमचे नुकसान होईल. बाईंनी त्यांच्या चालीरीती १८८० मध्ये दोन खंडांच्या पुस्तकात तपशिलाने छापल्या. पुस्तक गाजले. मी बाईंची चाहती आहे, तरी हे मला पटलेले नाही.

हाकोदातेला इतोचा निरोप घेताना बाईंना खरोखर वाईट वाटले. योकोहामाला जे इंग्रजी तो बोलत होता, त्याहून कितीतरी चांगले आता बोलू लागला होता.

पुढची हकिगत थोडक्यात सांगते. १८८० साली हेन्रिएटा विषमज्वराने गेली. १८८१ मध्ये बाईंनी डॉ. जॉन बिशप यांच्याशी लग्न केले, तेही १८८६ मध्ये वारले. १८८९ साली बाई हिंदुस्थानात आल्या. त्यांनी काश्मीरमध्ये नवऱ्याच्या नावाचे आणि अमृतसरला बहिणीच्या नावाचे दवाखाने काढायला मदत केली आणि लडाखपर्यंत गेल्या. मग इराण, कोरिया, चीन. १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने प्रथमच स्त्रियांना फेलो म्हणून घेतले, त्यांत इसाबेलाबाई होत्या. सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९०१ साली, त्या मोरोक्कोत घोड्यावर फिरत होत्या. ७ ऑक्टोबर १९०४ रोजी एडिंबरो येथे त्यांचा अंत झाला.

इतो योकोहामातच राहिला. परदेशी प्रवाशांना देश दाखवणाऱ्या वाटाड्यांमध्ये त्याचे नाव मोठे झाले. तो १९१३ साली वारला.