डोकं भारी, खिसा रिकामा!

दोस्तांनो, ‘भारताचे एडिसन’ कोण, असं कुणी विचारलं तर उत्तर येईल तुम्हाला? शंकर आबाजी भिसे! जन्म 29 एप्रिल 1867, मुंबई. किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची स्पर्धा लंडनमध्ये निघाली. भिश्यांनी मुंबईत बसून आराखडा काढला आणि तिथल्या इंग्रजांना मागे टाकून बक्षीस पटकावलं.

मग ते लंडनला गेले. दादाभाई नौरोजी पाठीशी उभे राहिले. छपाईचे खिळे झपाट्याने ओतणारं यंत्र त्यांनी बनवलं, ‘भिसोटाइप’. यंत्र चाललं, पण भांडवल आटलं. 1908 मध्ये लंडनमधलं काम गुंडाळावं लागलं. पुढे जमशेटजींचे पुत्र सर रतन टाटा मदतीला आले, पण जम बसेना. शेवटी भिश्यांनी न्यूयॉर्क गाठलं, तिथे नव्याने सुरुवात केली. 7 एप्रिल 1935 ला ते तिथेच गेले.

तुमच्यापैकी कुणी सोयगावात बसून एखादं यंत्र वहीत रेखाटत असेल, तर ते करत राहाच. फक्त भिश्यांची गोष्ट लक्षात ठेवा. आराखड्याच्या शेजारच्या पानावर खर्चाचा हिशोबही मांडा. आणि मित्राने अशी वही दाखवली, तर हसू नका. त्याच्यासोबत बसा!