जॉर्ज कार्पांत्ये : मुष्टियोद्धा आणि मूकपट

मुष्टियुद्धाच्या इतिहासात जॉर्ज कार्पांत्ये याचे नाव त्याच्या विजयांपेक्षा दोन पराभवांमुळेच अधिक घेतले जाते. १२ जानेवारी १८९४ रोजी उत्तर फ्रान्समधील कोळशाच्या खाणींच्या मुलुखात, लिएव्हँ येथे तो जन्मला. फ्रांस्वा देकां या व्यायामशिक्षकाने त्याला हेरले आणि १९०८ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो व्यावसायिक मुष्टियोद्धा झाला. १९११ ते १९१३ या अल्पकाळात त्याने चार निरनिराळ्या वजनगटांत युरोपचे अजिंक्यपद मिळविले. पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून त्याने शौर्यपदके संपादन केली.

डिसेंबर १९१९ मध्ये लंडनला त्याने जो बेकेट यास पहिल्याच फेरीत लोळविले. प्रेक्षकांत बर्नार्ड शॉ होता. तरुणपणी एका मुष्टियोद्ध्यावर कादंबरी लिहिलेल्या या नाटककाराने त्या लढतीवर लेख लिहिला आणि पुढे कार्पांत्येच्या बाजूने निःशंक भाकीतही केले. साहित्यिकांना या देखण्या, सडपातळ योद्ध्याची भुरळ पडली होती, हे खरे. पण भुरळ म्हणजे पारख नव्हे.

१९२० मध्ये अमेरिकेत जॉन अडॉल्फी याने त्याला नायक करून ‘द वंडर मॅन’ हा मूकपट काढला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बॅटलिंग लेव्हिन्स्कीला हरवून तो अर्ध-जड गटाचा जगज्जेता झाला. २ जुलै १९२१ रोजी जर्सी सिटी येथे तो जॅक डेम्प्सीसमोर उभा राहिला. डेम्प्सीवर युद्धसेवा टाळल्याचा खटला होऊन गेला होता. त्यामुळे वृत्तपत्रांनी या सामन्याला वीर विरुद्ध पळपुटा असे रूप दिले. प्रवेशशुल्काची रक्कम प्रथमच दहा लाख डॉलरच्या पुढे, सतरा लाखांवर गेली. दुसऱ्या फेरीत कार्पांत्येच्या उजव्या हाताचा अंगठा मोडला आणि चौथीत तो कोसळला.

या लढतीचे चित्रण आजही पाहता येते. वास्तविक १९१२ च्या कायद्याने अमेरिकेत अशा चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी होती. उलट ज्यावर कोणतीच बंदी नव्हती तो ‘द वंडर मॅन’ हरवलेल्या चित्रपटांत गणला जातो. पटकथेने त्याला दिलेले नायकपद गेले. हरताना दिसणारा कार्पांत्ये राहिला.

२४ सप्टेंबर १९२२ रोजी पॅरिसमध्ये सेनेगलच्या बॅटलिंग सिकीने त्याला सहाव्या फेरीत पाडले. पंचाने प्रथम सिकीलाच बाद ठरविले होते. तो निर्णय मागाहून फिरविण्यात आला. ही लढत आधीच ठरविलेली होती, असा आरोप पुढे सिकीने केला. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर सिकीचा गोळ्या घालून खून झाला. कार्पांत्ये मात्र दीर्घायुषी ठरला. रंगमंच, बोलपट आणि पॅरिसमधील स्वतःचे मद्यगृह यांत रमून तो २८ ऑक्टोबर १९७५ रोजी निवर्तला.