पाटीआधी दात पाहणाऱ्या ताराबाई

कळंब, परंडा, भूम, उमरगा, लोहारा... आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा, अंगणवाडी असतेच. लेकराला तिथं सोडून आपण शेतात जातो, कामाला जातो. तिथं खाऊ मिळतो, वजन होतं. वर्षातून दोनदा आरोग्य पथक येतं आणि डॉक्टर लेकराला ‘आ’ करायला लावून दातही बघतात. हे सगळं सरकारनं केलं, असं आपण धरून चालतो. ते खरंही आहे. पण सरकारच्या कितीतरी आधी एका बाईनं यासाठी आयुष्य वेचलं. तिचं नाव ताराबाई मोडक. अंगणवाडीच्या भिंतीवर तिचा फोटो कधीतरी दिसतो, पण तिची गोष्ट आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक असते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे, सुधारक विचारांचे. ज्या काळात मुलीला चार अक्षरं शिकवणं म्हणजे पाप समजलं जायचं, त्या काळात ताराबाई शाळेत गेल्या, कॉलेजात गेल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचं लग्न झालं. प्रभा नावाची मुलगी झाली. पण संसार टिकला नाही. १९२१ साली पदरात लहान लेक घेऊन त्या घराबाहेर पडल्या. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळं राहणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. आजही गावात अशा बाईकडे लोक कसे बघतात, ते आपल्याला माहीत आहे.

ताराबाई रडत बसल्या नाहीत. राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी प्राचार्यपद घेतलं. पगार चांगला, मान मोठा. पण स्वतःच्या लेकीला कसं शिकवावं, हा विचार मनात चालूच होता. भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ लहान मुलांसाठी बालमंदिर चालवत होते. तिथं मार नाही, घोकंपट्टी नाही. ताराबाईंनी ते काम पाहिलं आणि १९२३ साली मानाची नोकरी सोडून त्या तिथं गेल्या. नऊ वर्षं राहिल्या. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ उभा केला.

भावनगरच्या या बालमंदिरात मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टर बाईंची पद्धत होती. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं. तिथं मूल आलं की आधी पाटी-पुस्तक नाही. आधी त्याचे हात, नखं, मान, कान, केस आणि दात बघायचे. काही अस्वच्छ असेल तर मुलाला रागवायचं नाही, त्यालाच दाखवायचं आणि स्वतःचं स्वतः धुवायला, दात घासायला, चूळ भरायला शिकवायचं. रोजच्या दिवसाची सुरुवातच या पाहणीनं. पोट दुखलं की डॉक्टर, दाढ ठणकली की डॉक्टर, ही आपली रीत. दुखायच्या आधी रोज थोडं बघायचं, ही त्यांची रीत. ताराबाईंनी ती उचलली आणि जन्मभर सोडली नाही.

१९३६ साली मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झालं. शहरातली शिकलेली माणसं मुलं घेऊन येऊ लागली. सगळं छान चाललं होतं. पण ताराबाईंना एक गोष्ट सलत होती. हे शिक्षण मिळतं कुणाला? ज्यांच्या घरी आधीच सगळं आहे त्यांनाच. महागडी साधनं, सुंदर खोल्या, फी. ज्या लेकराला सकाळी तोंड धुवायला कुणी सांगत नाही, कारण आई पहाटेच मजुरीला गेलेली असते, त्याचं काय?

म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या. सोबतीला अनुताई वाघ आल्या. अनुताई बालविधवा, त्यांची कहाणी स्वतंत्र लेखाची आहे. बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडलं. पण मुलं येईनात! दलित वस्तीतली मुलं यायला बिचकत होती, आयांना वेळ नव्हता आणि काहींना या नव्या बायांचा भरवसाही वाटत नव्हता. दुसरं कुणी असतं तर लोकांनाच नावं ठेवून परत गेलं असतं. ताराबाईंनी उलटं केलं. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाच्या अंगणात नेऊ. झाडाखाली, कुणाच्या ओट्यावर, अंगणात मुलं जमवायची. आधी अंघोळ, दात घासणं, नखं, केस. मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, पानं, खडे. अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी.

सुशिक्षित घरातल्या बाईनं परक्या लेकराचं नाक पुसायचं, तोंड धुवायचं, हे त्या काळी सोपं नव्हतं. जातीचा विटाळ मानणारा तो काळ. पण या बायांनी ते काम कमी मानलं नाही. एवढंच नव्हे, तर गावातल्याच बायकांना शिकवून त्यांच्याकडून बालवाड्या चालवून घेतल्या. आपल्या अंगणवाडी ताई या त्यांच्याच वारसदार.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली आदिवासींमध्ये. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर कुरणातच शाळा भरवली. तिला कुरणशाळा म्हणत. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी, म्हणजे धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीलाही शिकता येईल, अशी विकासवाडी उभी केली. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

आणखी एक योगायोग बघा. गावोगावच्या अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलांना तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला तो पालघरहून. ताराबाईंचं कोसबाड आज त्याच पालघर जिल्ह्यात आहे. या तपासणीत मुलांचे जे आजार बघायचे ठरले आहेत, त्यांत दातांचे आजारही आहेत. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा, शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी, आणि पुढचे उपचार लागले तर तेही मोफत.

आता खरा प्रश्न आपला आहे. पथक येतं त्या दिवशी आपलं लेकरू हजर असतं का? दात किडलाय म्हणून चिठ्ठी दिली, तर ती आपण घेऊन जातो की डब्यात ठेवून विसरतो? सामाजिक कामासाठी गावात फिरताना मी आयांना विचारते, तेव्हा एकच उत्तर येतं. दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, कशाला खर्च?

इथंच आपण फसतो. दुधाचे दात वीस. पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, पण मागच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत राहतात. तोवर लेकरानं भाकरी चावायची कशानं? ठणकणाऱ्या दाढेनं झोप जाते, जेवण तुटतं, वजन घटतं. दाढ वेळेआधी काढावी लागली तर बाजूचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमचा दात वाकडा येतो. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागं एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून आपण तिला दुधाचीच समजतो. ती कायमची असते. ती किडली की पुन्हा येत नाही.

डॉक्टर सांगतात, पहिला दात आल्यावर, वर्षाच्या आत एकदा दाखवावं आणि मग दर सहा महिन्यांनी. दुखत नसलं तरी. पुष्कळ वेळा नुसतं बघणंच असतं. दातांवर थर साचला असेल तर साफ करतात, गरज असेल तर कीड लागू नये म्हणून फ्लोराइडचा लेप देतात. साफ केल्यानं दात हलतात ही भीती चुकीची आहे. हलतात ते साचलेल्या थरामुळे सुजलेल्या हिरड्यांनी. जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो, तिथं दाखवता येतं.

घरी करायचं ते तर बिनखर्चाचं. रविवारी अंघोळीच्या वेळी लेकराला उजेडात बसवून ओठ वर करा. हिरडीजवळ खडूसारखा पांढरा डाग दिसला तर ती किडीची सुरुवात. तेव्हाच गेलं तर दात वाचतो. रात्री झोपताना दुधाची बाटली तोंडात ठेवू नका. आठ वर्षांपर्यंत दात आपण घासून द्या. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला तांदळाएवढी पेस्ट, त्यापुढे वाटाण्याएवढी. आणि मशेरीचं बोट लेकराच्या हिरडीला कधीच नाही.

आपल्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि चार-सहा महिने लेकरं फडावर असतात. अंगणवाडीतली तपासणी नेमकी तेव्हाच झाली तर ही मुलं सुटून जातात. त्या आयांना एवढंच सांगावंसं वाटतं की निघण्याआधी आणि परत आल्यावर ताईकडे लेकराला नेऊन, याला पथकाच्या यादीत घ्या, असं स्वतः म्हणा. बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढा. शेजारणीचं लेकरू राहिलं असेल तर तिलाही आठवण करा.

मूल येत नाही म्हणून ताराबाई थांबल्या नाहीत, त्याच्या अंगणात गेल्या. आपल्याला तर अंगण ओलांडून फक्त अंगणवाडीपर्यंत जायचं आहे.