कुमारप्पा आणि मगनदीप

वर्ध्याच्या मगनवाडीत एक दिवा तयार झाला. त्याचे नाव मगनदीप. दिसावयास तो साध्या कंदिलासारखाच होता. परंतु तो घासलेटावर जळत नसे, गावच्या घाण्यातून निघालेल्या तेलावर जळे. ह्या दिव्याचा हिरिरीने पुरस्कार करणारे गृहस्थ मूळचे हिशेबतपासनीस होते. त्यांचे नाव जोसेफ कॉर्नेलिअस कुमारप्पा.

त्यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला राहून ते हिशेब तपासण्याची विद्या शिकले व पुढे मुंबईत त्या व्यवसायात त्यांनी चांगला जम बसविला. १९२७ साली ते अमेरिकेस गेले. कोलंबिया विद्यापीठात हिंदुस्थान सरकारच्या जमाखर्चाचा अभ्यास करीत असता, आपल्या देशाचे दारिद्र्य त्या आकड्यांतच दडलेले आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. १९२९ साली स्वदेशी परतल्यावर ते गांधीजींना भेटले, आणि विलायती पोशाख व भरभराटीचा धंदा दोन्ही त्यांनी सोडले.

हिशेबाचा काटेकोरपणा मात्र त्यांनी कधी सोडला नाही. १९३४ साली बिहारात मोठा भूकंप झाला. तेथील मदतनिधीचे हिशेब कुमारप्पा पाहत असत. तो पैसा संकटग्रस्तांचा होता. म्हणून प्रत्यक्ष गांधीजींच्या मंडळींवरही ठरलेल्या मर्यादेपलीकडे खर्च करण्यास त्यांनी नकार दिला. गांधीजींना ह्याचा राग आला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याचे चिटणीस म्हणून त्यांनी कुमारप्पांचीच योजना केली. जमनालाल बजाज ह्यांनी आपला बाग व घर संघाला दिले. तीच मगनवाडी होय.

त्या काळी खेड्यापाड्यांत संध्याकाळी घासलेटाचा कंदील लागे. कुमारप्पांनी त्या उजेडाचाही हिशेब मांडला. घासलेट फार दूरून येई, आणि त्याचा पैसा गावाबाहेर जाई. गावचे तेल जाळले तर शेतकऱ्याच्या तेलबिया खपतात, तेल्याचा घाणा चालतो आणि पेंड गुरांच्या मुखी पडते. परंतु अडचण होती. वनस्पतींचे तेल दाट असते. घासलेटाप्रमाणे ते वातीतून झरझर वर चढत नाही. म्हणून कंदिलाची रचनाच बदलावी लागली. मगनदीप तयार झाला तो ह्या खटपटीतून.

तेलाच्या ज्योतीचा प्रकाश पिवळसर व सौम्य असतो. रात्री बंडीखाली टांगलेला कंदील वाट दाखवी, पण समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवीत नसे. मोटारीच्या दिव्यांचे तसे नव्हे. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते. तीत एकाएकी प्रखर झोत शिरला की गाडीवानाला काही क्षण पुढचे काहीच दिसत नाही. फ्रान्समध्ये ह्यावर उपाय म्हणून मोटारींना पिवळे दिवे सक्तीचे केले होते. ती सक्ती १९९३ पर्यंत टिकली. तथापि डोळे दिपतात ते रंगापेक्षा झोताच्या तीव्रतेने व रोखाने अधिक.

मोटार आणि बंडी ह्यांच्यातील हा विषम सामना कुमारप्पांनी रस्त्याच्या बाबतीत ओळखला होता. मोटारी सुखाने धावाव्यात म्हणून रस्ते कठीण केले जात. त्यांवर बैलांचे खूर झिजत, पाय घसरत, आणि नाल ठोकण्याचा खर्च शेतकऱ्यावर पडे. सोय एकाची व भुर्दंड दुसऱ्याला, हे त्यांच्या हिशेबात बसेना. त्यांनी त्यावर परखडपणे लिहिले. पुष्कळांना ते हट्टी वाटत, आणि ते थोडेफार होतेही.

३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते वर्ध्यात मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. मगनदीप मात्र घरोघर पोहोचला नाही. घासलेटाचा कंदील टिकून राहिला व मागून वीज आली. कुमारप्पांना स्वातंत्र्यलढ्यात अनेकदा तुरुंगवास घडला. तेथेही त्यांची लेखणी थांबली नाही. स्वातंत्र्यानंतर त्यांनी वर्धा जिल्ह्यातील सेलडोह येथे पन्नई आश्रम काढून शेतीचे प्रयोग केले. पुढे प्रकृती खालावल्यावर ते दक्षिणेत जाऊन राहिले. ३० जानेवारी १९६० रोजी मद्रास येथे त्यांचे देहावसान झाले. त्या दिवशी गांधीजींच्या निधनाला बरोबर बारा वर्षे झाली होती.