एलिझाबेथ फ्राय : सुईदोऱ्याने केलेली सेवा

नाताळ जवळ आला म्हणजे आपल्या गावोगावच्या घरांतून शिवणकाम निघते. कोणी लेकरासाठी झबले बेतते, कोणी सासरी गेलेल्या मुलीच्या पहिल्या बाळासाठी कुंची आणि दुपटे शिवून ठेवते, कोणी जुन्या लुगड्यांचे पदर जोडून म्हाताऱ्या आईसाठी वाकळ घालते. विकतचे कापड कितीही उंची असले तरी घरी शिवलेल्या वस्त्रास जी ऊब असते ती त्यास नसते, हे आपण सर्व जाणतो. ज्याच्यासाठी शिवावयाचे त्याची आठवण प्रत्येक टाक्यागणिक होत असते, हेच त्या उबेचे कारण होय. ह्या साध्या घरगुती कामातून एका बाईच्या हातून केवढे कार्य घडले, ते आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ही बाई म्हणजे इंग्लंडातील एलिझाबेथ फ्राय.

त्यांचा जन्म 21 मे 1780 रोजी इंग्लंडच्या नॉर्विच शहरी झाला. वडील जॉन गर्नी हे क्वेकर पंथाचे असून लोकरीच्या सुताचा व्यापार व सावकारी ह्यांमुळे घराणे चांगले सधन होते. एलिझाबेथ बारा वर्षांची असता तिची आई वारली, आणि भावंडांच्या भरल्या घरात ही मुलगी काहीशी भित्री, आजारी व अबोल अशी वाढली. शिकण्यात ती मंद आहे असेच घरच्यांस वाटे. पुढे ती तुरुंगाची दारे उघडवील असे त्या वेळी कोणी म्हटले असते तर घरची मंडळी हसली असती.

क्वेकर लोकांची राहणी साधी, पोशाखही साधा. परंतु गर्नींच्या मुलींस रंगीत कपड्यांची हौस फार. 4 फेब्रुवारी 1798 रोजी विल्यम सॅव्हरी नावाचे अमेरिकन उपदेशक नॉर्विचच्या सभेत बोलावयास आले, तेव्हा सतरा वर्षांची एलिझाबेथ जांभळे बूट व त्यांना तांबड्या नाड्या घालून पुढे बसली होती. उपदेश चालू असता तिच्या डोळ्यांतून आसवे वाहू लागली. त्या दिवसापासून तिच्या मनाने वळण घेतले. तिने हळूहळू भपका टाकून साधा पोशाख व पांढरी टोपी पत्करली, आणि गरिबांची सत्तरांवर मुले जमवून त्यांस घरीच शिकवू लागली. अंगावरच्या वस्त्राविषयीचा तिचा विचार असा पालटला. पूर्वी वस्त्र स्वतःच्या शोभेसाठी होते, आता दुसऱ्याच्या अंगावर ते आहे की नाही इकडे तिची दृष्टी गेली.

1800 साली जोसेफ फ्राय ह्या लंडनच्या व्यापाऱ्याशी तिचा विवाह झाला. पुढे फ्रायबाईंस अकरा मुले झाली. घर मोठे, पाहुण्यांची सदा वर्दळ, बाळंतपणे एकामागून एक. आपले आयुष्य घरकामातच सरून जाणार की काय, अशी खंत त्यांना वाटे. पण ज्या बाईने आपल्या लेकरांसाठी अंगडी-टोपडी तयार केली आहेत, तिलाच उघड्या लेकराचे दुःख लवकर कळते. त्यांच्या पुढील कामाची तयारी घरातच होत होती, असे आम्हांस वाटते.

1813 च्या हिवाळ्यात स्टीफन ग्रेलेट नावाचे क्वेकर उपदेशक लंडनमधील न्यूगेटचा तुरुंग पाहून आले. स्त्रियांच्या भागात त्यांनी जे पाहिले त्याने ते हादरून गेले. आजारी बायका थंडगार फरशीवर पडलेल्या आणि तुरुंगातच जन्मलेली तान्ही मुले जवळजवळ उघडी. ते तडक फ्रायबाईंकडे गेले व त्यांस हे सांगितले. बाईंनी कोणास अर्ज लिहिला नाही, की सभा भरविली नाही. त्यांनी आपल्या पंथाच्या काही तरुण मुलींस बोलावून घेतले, कापड आणविले, आणि सर्वजणी मिळून त्या मुलांसाठी कपडे शिवावयास बसल्या. कार्याचा आरंभ झाला तो असा, सुईदोऱ्याने.

ते गाठोडे घेऊन फ्रायबाई व त्यांची मैत्रीण अ‍ॅना बक्स्टन न्यूगेटला गेल्या. आत सुमारे तीनशे बायका आपल्या मुलांसह थोड्याशा खोल्यांत कोंबलेल्या होत्या. तेथेच स्वयंपाक, तेथेच निजणे, तेथेच दारू, जुगार व मारामारी. शिक्षा झालेल्या आणि अद्याप चौकशी न झालेल्या, सर्व एकत्र. तुरुंगाचा अधिकारीसुद्धा तेथे जावयास भीत असे. निदान घड्याळे तरी बाहेर ठेवून जा, असे त्याने ह्या दोघींस विनविले. मेलेल्या बाळाच्या अंगावरील कपडे काढून ते जिवंत बाळास घालीत असलेल्या दोन बायका तेथे दिसल्या, असे त्या काळच्या वृत्तांतात आढळते. ज्या ठिकाणी वस्त्रासाठी ही पाळी येते तेथे एका लहानशा अंगड्याची किंमत काय असेल, ह्याचा वाचकांनीच विचार करावा. बाईंनी आपल्या हाताने त्या मुलांस कपडे घातले आणि त्या बायकांजवळ बसून प्रार्थना केली.

ह्यानंतर सुमारे चार वर्षे हे काम थांबले. बाळंतपणे, पैशाची अडचण, आणि 1815 साली त्यांची लाडकी मुलगी बेट्सी पाच वर्षांचीही न होता मरण पावली. हे दुःख बाईंनी मनात ठेवले. पण आपले मूल गेल्यावर दुसऱ्यांच्या मुलांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी अधिकच कोमल झाली. 1816 च्या अखेरीस त्या पुनः न्यूगेटला गेल्या. ह्या वेळी मात्र त्यांनी गाठोडे न देता एक प्रश्न पुढे ठेवला. तुमच्या मुलांसाठी येथे शाळा काढावी काय, असे त्यांनी त्या बायकांस विचारले. त्या आनंदाने कबूल झाल्या, आणि घड्याळ चोरल्याबद्दल शिक्षा झालेली मेरी कॉनर नावाची सुशिक्षित तरुणी त्यांनी आपल्यांतूनच शिक्षिका म्हणून निवडली.

मुले शिकू लागलेली पाहून आयाही म्हणू लागल्या की आम्हांसही शिकवा, आम्हांसही काम द्या. तेव्हा एप्रिल 1817 मध्ये बाईंनी बारा जणींचे मंडळ स्थापिले. त्यांत अकरा क्वेकर आणि एक पाळकाची पत्नी होती. अधिकाऱ्यांस ह्याचा भरवसा मुळीच नव्हता. ह्या बायका काम करणार नाहीत, कापड व सुया दिल्या तर चोरून विकतील, असे ते म्हणत. बाईंनी सर्व कैदी स्त्रियांस एकत्र बसविले आणि एकेक नियम वाचून दाखविला. प्रत्येक नियमास त्यांनी हात वर करून संमती दिली. ज्यांना जन्मात कोणी काही विचारले नव्हते त्यांस येथे विचारण्यात आले, ही गोष्ट लहान नव्हे. मग बारा-बारा जणींचे वर्ग करण्यात आले, प्रत्येक वर्गावर एक प्रमुख नेमण्यात आली, आणि तुरुंगातील जुने धुण्याचे घर चुना देऊन शिवणाची खोली म्हणून उघडण्यात आले.

काम मिळवावे कोठून? हद्दपार होऊन ऑस्ट्रेलियास जाणाऱ्या कैद्यांचे कपडे लंडनच्या फेनचर्च रस्त्यावरील रिचर्ड डिक्सन आणि कंपनी पुरवीत असे. मंडळाच्या बाया सरळ त्या दुकानी गेल्या व म्हणाल्या की, तुमच्या धंद्याचा काही भाग आम्हांस हवा आहे. दुकानदारांनी राग न मानता काम देण्याचे कबूल केले. फेब्रुवारी 1818 मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे फ्रायबाईंनी साक्ष दिली, तेव्हा त्यांनी हिशेब सांगितला तो असा. दहा महिन्यांत न्यूगेटच्या बायकांनी सुमारे 20,000 कपडे शिवले होते. इतक्यांतून गहाळ झाले अवघे तीन, आणि तेही त्या बायकांनी नेले असे मंडळास वाटत नव्हते. शिवाय दर महिन्यास साठ ते शंभर जोड पायमोजे त्या विणीत. मजुरी थोडी, आठवड्यास दीड शिलिंगाच्या आसपास; पण तिच्यातूनच थोडे थोडे जमवून व मंडळाची मदत घेऊन त्या स्वतःच्या अंगावर नीट कपडे करीत. पूर्वी ज्या दुसऱ्याने दिलेल्या चिंधीवर होत्या, त्या आता आपल्या हाताने शिवलेले वस्त्र ल्यायल्या. मिळालेले वस्त्र शरीर झाकते. स्वतः शिवलेले वस्त्र मान वर करावयास शिकविते, असे आम्हांस ह्यावरून दिसते.

सर्वच ठिकाणी यश आले असे मात्र नाही. त्या काळी खोट्या नोटा खपविण्यासही फाशी होती. हॅरिएट स्केल्टन नावाच्या स्त्रीस ह्याच गुन्ह्यासाठी 1818 साली देहान्ताची शिक्षा झाली. तिच्या जिवासाठी फ्रायबाई मोठमोठ्या सरदारांकडे गेल्या, गृहमंत्री लॉर्ड सिडमथ ह्यांजपाशी त्यांनी रदबदली केली. मंत्री रागावले आणि हॅरिएट फासावर गेली. घरूनही टीका कमी नव्हती. अकरा मुलांची आई तुरुंगात का फिरते, असे लोक विचारीत. 1828 साली पतीची पेढी बुडाली, मोठे घर सोडावे लागले, आणि दिवाळ्यामुळे पतीस क्वेकर समाजातून काढण्यात आले. अशा अपमानातही बाईंनी काम सोडले नाही.

हद्दपारीच्या स्त्रियांची कथा तर आणखीच करुण. आपल्याकडे काळे पाणी म्हणत तसाच तो प्रकार. पूर्वी ह्या बायकांस उघड्या गाड्यांतून, लोकांच्या शिव्या व चिखलफेक सोशीत, बंदरावर नेत असत. 1818 साली फ्रायबाईंनी बंद गाड्यांची व्यवस्था करविली आणि आपण बरोबर येण्याचे वचन पाळिले. पण महिनोन्‌महिने समुद्रावर रिकाम्या हातांनी बसून ह्यांनी करावे काय? पुनः सुईच धावून आली. लंडनच्या कापडवाल्यांकडून रंगीबेरंगी तुकडे मागून आणण्यात आले. पुढे प्रत्येक स्त्रीस एक पिशवी देण्याची वहिवाट पडली. तींत बायबल, शंभर सुया, टाचण्या, निरनिराळ्या रंगांचा दोरा, अंगुस्तान, कातर, गरजू असल्यास चष्मा, आणि दोन पौंड चिंध्या असत. ह्या चिंध्यांची गोधडी शिवून ती वाटेवरच्या बंदरी किंवा पोचल्यावर विकावी, म्हणजे परमुलुखात पहिल्या दिवशी हाताशी चार पैसे असतील, हा हेतू. 106 जहाजे आणि सुमारे 12,000 हद्दपार स्त्रिया ह्यांचा समाचार बाईंनी घेतला असे सांगतात.

1841 च्या एप्रिलात राजा नावाचे जहाज 180 कैदी स्त्रिया घेऊन लंडनजवळच्या वुलिच येथून निघाले आणि 19 जुलै रोजी टास्मानियातील होबार्टला पोचले. त्यांच्या देखरेखीस केझिया हेटर ही तरुणी होती. ह्या बायकांनी वाटेवर मिळून 2,815 तुकड्यांची एक गोधडी शिवली. तिची लांबी-रुंदी प्रत्येकी सव्वातीन मीटर किंवा त्याहून थोडी अधिक आहे. कडेला त्यांनी बारीक टाक्यांनी मजकूर भरला. ज्या बायांनी आपल्यासाठी श्रम घेतले त्यांस ही आभाराची खूण म्हणून अर्पण करीत आहो, असा त्याचा आशय. ही गोधडी अनेक वर्षे विस्मृतीत पडली होती. पुढे ती स्कॉटलंडमध्ये सापडली, आणि 1989 पासून ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा शहरातील राष्ट्रीय कलासंग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

वाचकहो, ह्या गोष्टीचा क्रम ध्यानात घ्यावा. प्रथम एका आईने परक्या लेकरांसाठी अंगडी शिवून दिली. मग त्या लेकरांच्या आया स्वतःसाठी शिवू लागल्या. शेवटी त्याच तऱ्हेच्या बायांनी, ज्यांच्याजवळ जगात काही म्हणून उरले नव्हते, देण्यासाठी काहीतरी शिवले. घेणारा हात देणारा झाला, तेव्हाच सेवा पुरी झाली. यापो गावच्या टबीथेच्या मरणसमयी विधवांनी तिने शिवलेले अंगरखे रडत रडत दाखविले, ते आपण प्रेषितांच्या पुस्तकात वाचतोच. फ्रायबाईंची साक्ष देणारे वस्त्र मात्र, ज्यांना तिने दिले, त्यांनीच शिवले.

ऑक्टोबर 1845 मध्ये रॅम्सगेट येथे फ्रायबाईंचा अंत झाला, आणि लंडनजवळील बार्किंग येथे क्वेकरांच्या भूमीत त्यांस मूठमाती देण्यात आली. न्यूगेटचा तुरुंग विसाव्या शतकाच्या आरंभी पाडण्यात आला. आणि ज्या बँक ऑफ इंग्लंडच्या खोट्या नोटांपायी हॅरिएट स्केल्टन फासावर चढली, त्याच बँकेच्या पाच पौंडांच्या नोटेवर 2002 पासून 2017 पर्यंत फ्रायबाईंचे चित्र होते.

ह्या नाताळात आपण लेकरांसाठी कपडे बेतावयास बसाल, तेव्हा कापडाचे तुकडे उरतीलच. ते टाकू नयेत. गावात अशी एखादी बाई असेल की जिच्या लेकरास थंडीत अंगभर वस्त्र नाही. तिच्यासाठी एक अंगडे आपण शिवावे. आणि तिच्या हाती एक सुईही द्यावी, म्हणजे पुढले अंगडे तिचे तिला शिवता येईल.