गोंडांचे बडे भाई

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा चिटणीसबाईंनी ते काम माझ्यावर सोपविले. मी पडले सातवी शिकलेली बाई. स्वयंपाकपाणी आटोपून दुपारी मिळेल तेवढा वेळ वाचते, एवढेच माझे ज्ञान. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी, ही आधीच विनंती.

आपण अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलो की समोर सातपुड्याची निळी रांग दिसू लागते. त्या डोंगरात, मेळघाटात, आपले कोरकू बंधुभगिनी राहतात. हीच रांग पूर्वेकडे जात जात मैकल पर्वताला मिळते. तेथे अमरकंटकला नर्मदामाईचा उगम आहे. आपल्यापैकी काही जणी तेथे जाऊनही आल्या आहेत. त्या अमरकंटकजवळ पूर्वीच्या मंडला जिल्ह्यात करंजिया नावाचे खेडे आहे. आता ते दिंडोरी जिल्ह्यात येते. 1932 साली या खेड्यात दोन तरुण राहावयास आले. एक इंग्रज आणि एक आपला मराठी. इंग्रजाचे नाव व्हेरियर एल्विन, मराठी तरुणाचे शामराव हिवाळे. दोघेही ख्रिस्ती. पुढे गोंड लोक एकाला बडे भाई आणि दुसऱ्याला छोटे भाई म्हणू लागले. त्या बड्या भाईंची ही कथा आहे, आणि छोट्या भाईंना वगळून ती सांगताच येत नाही.

एल्विन यांचा जन्म 29 ऑगस्ट 1902 रोजी इंग्लंडात डोव्हर या गावी झाला. वडील ख्रिस्ती धर्माचे बिशप होते आणि आफ्रिकेत सिएरा लिओन येथे काम करीत होते. 1909 साली ते वारले, तेव्हा व्हेरियर अवघे सात वर्षांचे होते. आईच्या पदरात तीन मुले. आई मोठी धर्मनिष्ठ. तिने बेताच्या पैशात मुलांना वाढविले, शिकविले. विधवा बाईने मुले वाढविणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. व्हेरियर अतिशय हुशार निघाले. ऑक्सफर्डच्या मोठ्या विद्यापीठात त्यांनी इंग्रजी साहित्यात आणि नंतर धर्मशास्त्रात पहिला वर्ग मिळविला. पाद्री झाले, तिथल्याच एका धर्मविद्यालयात उपप्राचार्यही झाले. पुढे बिशप होणार, आईच्या डोळ्यांचे पारणे फिटणार, असेच सर्वांना वाटत होते.

परंतु त्यांच्या मनात वेगळेच चालले होते. आपल्या देशाने हिंदुस्थानातून पुष्कळ नेले. निदान एकाने तरी तेथे काही घेण्यासाठी नव्हे, तर फेड करण्यासाठी जावे, आणि तेही गरिबातल्या गरिबांत राहावे, असे त्यांनी ठरविले. 1927 साली ते पुण्यास आले.

पुण्यास त्या वेळी ख्रिस्त सेवा संघ नावाची संस्था होती. जॅक विन्स्लो नावाच्या इंग्रज पाद्र्याने ती 1922 साली अहमदनगरकडे स्थापन केली होती. या विन्स्लोसाहेबांवर आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांचा मोठा प्रभाव होता. टिळकांच्या लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रे आपल्या वाचनालयातून बहुतेक जणींनी नेऊन वाचली आहेत. ख्रिस्ती होऊनही मराठी राहता येते, हे टिळकांनी दाखविले, आणि विन्स्लोंनी ते उचलले. संघातील माणसे खादी नेसत, जमिनीवर बसून जेवत, साधे भोजन करीत. इंग्रज आणि हिंदी एका पंगतीला बसत. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. या संघातच शामराव आणि एल्विन यांची गाठ पडली आणि ती कायमची बसली.

1928 च्या जानेवारीत एल्विन साबरमतीला गेले. गांधीजींना पाहिले आणि त्यांचेच होऊन गेले. मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी त्यांनी आपल्याच सरकारविरुद्ध हिंदुस्थानची बाजू घेतली. 4 जानेवारी 1932 च्या पहाटे मुंबईला मणिभवनात गांधीजींना अटक झाली, त्या रात्री एल्विन आणि शामराव तेथेच होते. पोलिसांचे त्यांच्यावर लक्ष असणे ओघाने आलेच.

गरिबांत जाऊन राहावे हे ठरले, पण कोठे? हरिजनांची सेवा करणारे पुष्कळ जण पुढे आले होते. जंगलातल्या आदिवासींकडे मात्र कोणाचे लक्ष नव्हते. आपल्या वर्ध्याचे जमनालालजी बजाज यांनी गोंडांकडे जाण्याचे सुचविले. त्याप्रमाणे 1932 च्या जानेवारीअखेर दोघे मित्र करंजियाला जाण्यास निघाले.

तेथे त्यांनी एका टेकडीवर कुडाच्या भिंतींच्या, गवताने शाकारलेल्या झोपड्या उभारल्या. संत फ्रान्सिस या गरिबीचे व्रत घेतलेल्या साधूच्या नावाने आश्रम सुरू झाला. औषधे ठेवली, शाळा काढली. पुढे महारोग्यांसाठी स्वतंत्र वस्ती केली. आपल्या अमरावतीत दाजीसाहेब पटवर्धनांनी 1946 साली तपोवन उभे केले. महारोग्याला जवळ करणे म्हणजे काय, हे तपोवनामुळे आपल्याला चांगले ठाऊक आहे. तेच काम त्याच्या आधी त्या रानात चालू झाले होते. जंगलातला हिवताप त्यांनाही सोडीत नव्हता. एल्विन वारंवार आजारी पडत. औषधपाणी, रोग्यांचे रडगाणे, घराघरांतील भांडणे मिटविणे हे सगळे शामराव पाहात. लोकांशी पटकन जीव जोडण्याची कला शामरावांच्या अंगी होती. एल्विन लिहीत, पैसे जमवीत, आणि शामराव घर सांभाळीत, असे म्हटले तरी चालेल. घर सांभाळणाऱ्याचे नाव मागे राहते, हा जगाचा नियम तेथेही चुकला नाही.

पहिल्याच वर्षी एक पेच पडला. एल्विन इंग्लंडला गेले असता सरकार त्यांना परत येऊ देईना. राजकारणात भाग घेणार नाही, असे लिहून द्या, तरच परवानगी मिळेल, अशी अट पडली. एकीकडे गांधीजी आणि चळवळ, दुसरीकडे करंजियाचे रोगी आणि शाळेची मुले. एल्विन यांनी लिहून दिले आणि ते परत आले. कोणी याला कच खाणे म्हणेल. मला तसे वाटत नाही. पाय ज्यांच्यात रोवले होते, त्यांच्याकडे ते परत आले.

दुसरा पेच धर्माचा होता. नागपूरच्या बिशपांचे म्हणणे असे की, ख्रिस्ती सेवकाने सेवा करावी ती धर्मप्रसारासाठी. एल्विन यांनी गोंडांचे धर्मांतर करावयाचे नाही असे ठरविले होते. औषधाची पुडी द्यायची आणि तिच्या बदल्यात देव बदलायला सांगायचे, हे त्यांच्या मनाला पटेना. बिशपांनी त्यांना पाद्री म्हणून काम करण्याचा परवाना दिला नाही. अखेर 1935 साली एल्विन यांनी पाद्रीपण सोडले आणि चर्चही सोडले. बिशपच्या मुलाने चर्च सोडावे! विलायतेत आईच्या मनाला काय वाटले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. येथे संस्थेचे नाव गोंड सेवा मंडळ झाले. आपल्यासारखेच मंडळ. पण त्याला ना इमारत, ना देणगीदारांच्या नावाच्या फरशा.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एल्विन प्रथम गेले ते गोंडांना सुधारण्यासाठी. चरखा शिकवावा, दारू सोडवावी, असा बेत होता. तेथे राहिल्यावर ध्यानी आले की त्या डोंगरात कापूस पिकतच नाही. वऱ्हाडात घरोघरी कापूस, म्हणून चरखा आपल्याला शोभतो. तेथे कापूस विकत आणून सूत काढावे, हा कोठला न्याय? मोहाची दारूही त्यांच्या देवकार्यात, लग्नात, मरणात लागते असे दिसले. शेजारी बैगा नावाचे आदिवासी होते. ते नांगर धरीत नसत, कारण धरतीमाता ही आई, तिची छाती कशी फाडायची, असा त्यांचा भाव. जंगल तोडून, जाळून, राखेत बी टाकायचे, ही त्यांची शेती. तिला बेवर म्हणतात. सरकारच्या जंगलखात्याने ती बंद पाडली आणि बैगांना एका ठरावीक टापूत कोंडले. अगरिया लोक दगडातून लोखंड गाळीत, त्यांच्या भट्ट्यांवर कर होते. हे सर्व पाहून एल्विन यांना उमजले की या लोकांना उपदेशापेक्षा त्यांचे जंगल, जमीन आणि मान परत मिळणे अधिक गरजेचे आहे. म्हणून ते त्यांची गाणी, कथा, रीतिभाती लिहून घेऊ लागले. बैगांवरील त्यांचा मोठा ग्रंथ 1939 साली निघाला, अगरियांवरील 1942 साली. बस्तरच्या मुरिया लोकांवरील ग्रंथ 1947 साली आला. शामरावांबरोबर त्यांनी मैकल डोंगरातील लोकगीतेही 1944 साली प्रसिद्ध केली.

त्यांच्यावर टीकाही खूप झाली. आपले मराठी पंडित डॉ. घुर्ये यांनी 1943 साली पुस्तक लिहून आदिवासींना वेगळे ठेवण्याचा विचार खोडून काढला. आदिवासींच्या सेवेला वाहून घेतलेल्या ठक्करबाप्पांनाही एल्विन यांचे म्हणणे मान्य नव्हते. आदिवासी काय संग्रहालयात ठेवायचे आहेत, असा सवाल होता. त्या सवालात तथ्य नव्हते असे नाही. शाळा, रस्ता, दवाखाना कोणाला नको असतो? एल्विन यांचे म्हणणे एवढेच होते की सावकार, दारूचा ठेकेदार आणि कचेरीतला शिपाई त्या रस्त्याने आधी पोहोचतात, याचा बंदोबस्त अगोदर करा.

आता चरित्र लिहिताना जी गोष्ट झाकून ठेवता येत नाही, ती सांगते. 1940 साली एल्विन यांनी कोसी नावाच्या गोंड मुलीशी लग्न केले. ती त्यांच्याच शाळेत शिकलेली. गोंडांच्या रीतीने लग्न लागले. इंग्रज साहेबाने रानातली मुलगी सन्मानाने बायको केली, याचे तेव्हा अनेकांना कौतुक वाटले. त्यांना मुलगा झाला. परंतु पुढे दोघांचे पटले नाही आणि 1949 साली काडीमोड झाला. 1953 साली एल्विन यांनी पाटनगढच्या लीला या परधान समाजातील मुलीशी लग्न केले, तो संसार शेवटपर्यंत सुखाचा झाला. कोसी मात्र आपल्या खेड्यात परतली आणि गरिबीतच जगली. ती फार वर्षे, अगदी एकविसावे शतक लागल्यानंतरही, हयात होती. एल्विन यांनी एवढे मोठे आत्मचरित्र लिहिले, त्यात कोसीच्या वाट्याला फारच थोड्या ओळी आल्या. दुःख आणि अपयशाची भावना त्यांनी तेथे कबूल केली आहे. पण ज्यांनी बैगांच्या एकेका मंत्रासाठी पाने खर्च केली, त्यांच्या जवळ स्वतःच्या घरच्या बाईसाठी जागा उरली नाही, हे मला वाचताना टोचले. थोर माणसांच्या चरित्रात बाईच्या पदरी असे का यावे? याचे उत्तर माझ्याजवळ नाही. मात्र स्त्रियांच्या स्मरणिकेत कोसीचे नाव आल्याशिवाय हे चरित्र पुरे होऊ नये, एवढे वाटले म्हणून लिहिले.

स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंनी एल्विन यांची पारख केली. 1954 साली एल्विन यांना भारताचे नागरिकत्व मिळाले आणि ईशान्य सरहद्दीच्या प्रदेशात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, आदिवासींच्या प्रश्नांवर सल्लागार म्हणून त्यांची नेमणूक झाली. ते शिलाँगला राहू लागले. बाहेरच्यांनी तेथे जमिनी बळकावू नयेत, अधिकाऱ्यांचा सुळसुळाट होऊ नये, लोकांची भाषा आणि कला मोडू नये, असे त्यांनी 1957 साली एका पुस्तकात मांडले, आणि सरकारी धोरणात त्यातले पुष्कळ उतरले. 1961 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 22 फेब्रुवारी 1964 रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले. वय अवघे एकसष्ट. त्यांच्या आत्मचरित्राला त्यांच्यामागून 1965 साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

शामराव मात्र शिलाँगला गेले नाहीत. ते पाटनगढच्या आपल्या माणसांतच राहिले. याच पाटनगढचे जनगढसिंह श्याम पुढे चित्रकार म्हणून साऱ्या जगात गाजले, आणि आज तेथील घरोघरी बायाबापड्या गोंडी चित्रे काढून चार पैसे मिळवितात. प्रदर्शनात ठिपक्याठिपक्यांनी भरलेले हरिण, मोर आपण पाहतो, ते याच गावचे.

हे वाचीत असता मला आपल्याच मंडळाचा एक प्रसंग आठवला. काही वर्षांपूर्वी आपण डोंगरातल्या एका पाड्यावर जुनी लुगडी आणि लहान मुलांचे कपडे वाटावयास गेलो होतो. तासाभरात वाटप आटोपले, फोटो निघाला. एका म्हाताऱ्या बाईने अंगणात गोधडी अंथरून आम्हाला बसा म्हटले, चहाचे आधणही ठेवले. गाडीवाला घाई करीत होता. आम्ही उभ्याउभ्याच निरोप घेतला. गाडीतून मागे पाहिले तर ती बाई गोधडीची घडी घालीत होती. त्या दिवशी मला काही वाटले नाही. करंजियाच्या दोन भावांची हकिकत वाचली आणि ती घडी डोळ्यांपुढे आली. त्या भावांनी तेथे वर्षामागून वर्षे काढली, आणि आम्हाला पाच मिनिटे बसवेना.

आपण सर्व संसारी बाया. घरदार सोडून रानात जाऊन राहणे आपल्याच्याने होणार नाही, आणि कोणी तसे सांगतही नाही. परंतु यंदा मेळघाटात जाण्याचे ठरले तर कपड्यांची गाठोडी दोन कमी न्यावीत आणि दिवसभराचा मुक्काम ठेवावा, अशी माझी अध्यक्षीणबाईंना आणि सर्व भगिनींना विनंती आहे. त्या आजीबाई हयात असतील, तर त्यांच्या हातचा चहा घेऊनच परतावे.