पंडिता रमाबाई : कृपा, मुक्ती आणि रोजचं काम



आमच्या कागल पंचतारांकित एमआयडीसीत सकाळच्या पाळीच्या वेळेला हातात डबा घेऊन कामावर निघालेल्या कितीतरी आया दिसतात. काही कुटुंबं परराज्यातून, वर्षाच्या मध्येच येतात. मागे अशीच एक मुलगी आईचा हात धरून शाळेत आली. जवळ दाखला नव्हता. मी आधी कागदच मागितले आणि कागद घेऊन या, मग बघू, असं सांगून त्यांना परत पाठवलं. कागद नसले तरी मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे मला माहीत होतं, तरीही. आठ दिवसांनी ती परत आली आणि वर्गात बसली. पण परत जातानाचा तिचा चेहरा काही विसरता येईना. नेमकी त्याच आठवड्यात मी वर्गासाठी पंडिता रमाबाईंच्या चरित्राची तयारी करत होते.

बालपण आणि भटकंती

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीच्या जंगलातल्या गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला, पण ते मागे हटले नाहीत. पुढे त्याच आईने, लक्ष्मीबाईंनी, रमाला शिकवलं. हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरत राहिलं. व्रतं, उपवास, दानधर्म, सगळं मनापासून केलं. मग दुष्काळ आला. जवळचं संपलं आणि आई, वडील, थोरली बहीण असे एकामागून एक गेले. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी हिंडले.

1878 मध्ये ते कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी विशीतल्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण सुख फार टिकलं नाही. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय विवाह केला. मुलगी मनोरमा झाली आणि 1882 मध्ये पती पटकीने वारले. चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाई विधवा झाल्या, पदरात तान्ही लेक.

स्वातंत्र्य कुणाचं?

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टरांची मागणी केली. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना जोगिणी मायेने सांभाळतात, हे बघून त्यांचं मन हललं. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

इथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. धर्म बदलला म्हणून रमाबाईंनी आपली बुद्धी कुणाकडे गहाण ठेवली नाही. त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकवत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं चर्चच्या अधिकाऱ्यांना वाटलं, तेव्हा त्यांनी स्पष्ट विरोध केला. जे मनाला पटत नाही ते केवळ कुणी वरचा सांगतो म्हणून मानायचं नाही, हे त्यांनी आपल्या इंग्रज गुरुभगिनींनाही पत्रांतून कळवलं.

आणखी काही वर्षांनी त्यांना जाणवलं, की आपण धर्म स्वीकारला खरा, पण आतली धडपड तशीच आहे. लहानपणी व्रतं करून देवाला प्रसन्न करायचं होतं, आताही चांगलं वागून त्याची मर्जी मिळवायची धडपड चाललेली. 1891 च्या सुमारास त्यांना उमगलं, की देवाचं प्रेम कमवायचं नसतं, ते आधीच दिलेलं असतं, आपण फक्त घ्यायचं. ख्रिस्ती लोक यालाच कृपा म्हणतात. या समजुतीने त्या मोकळ्या झाल्या.

मुक्ती म्हणजे काम

11 मार्च 1889 ला त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. 1893 मध्ये सदनातल्या मुली ख्रिस्ती वळणाला लागत आहेत, असा वाद उठला. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची काळजीही समजण्यासारखी होती. रमाबाईंनी मात्र उरलेल्या मुलींना घेऊन काम चालू ठेवलं.

1896-97 चा दुष्काळ पडला, तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, आजारी, निराधार मुलींना घेऊन आल्या. स्वतः दुष्काळात आईवडील गमावलेली ही बाई. त्या मुलींकडे ना नाव-गावाचा कागद, ना कुणाची हमी. आधी अन्न, अंघोळ, कपडे, बाकीचं मग. दौंडजवळ केडगावला त्यांच्यासाठी जे घर उभं राहिलं, त्याचं नावच मुक्ती. तिथे शाळेबरोबर शेती, विणकाम, छपाई असं पोटापाण्याचं शिक्षण होतं. अंध स्त्रियाही शिकत होत्या. म्हणजे मुक्ती नुसती प्रार्थनेत नव्हती, ती हाताला काम देण्यातही होती.

आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. कमी शिकलेल्या बाईलाही ते कळावं, हा हेतू. ते छापण्याचं कामही मुक्तीतल्या स्त्रियांनीच केलं. 1921 मध्ये, ज्या मनोरमेवर सगळी भिस्त होती ती लेक गेली. रमाबाईंनी काम सोडलं नाही. देव विश्वासू आहे, असं त्या मानत. दुःख टळलं म्हणून नव्हे, तर दुःखातही पुढचं काम करायला बळ मिळालं म्हणून. 5 एप्रिल 1922 ला त्यांनी देह ठेवला.

बरोबर महिन्याभराने, 6 मे 1922 ला, आपल्या कागलच्या घाटगे घराण्यातले राजर्षी शाहू महाराज गेले. एकाने राज्याच्या कायद्याने शाळेचं दार उघडलं, एकीने श्रद्धेच्या बळावर. दोघांनीही आत येणाऱ्याची लायकी आधी विचारली नाही.

वर्गात काय सांगावं?

तुमचा-माझा धर्म कुठलाही असो, रमाबाईंकडून एवढं घेता येईल. घरी गुण कमी पडले म्हणून जेवताना तोंड फिरवणारे आपण पालक, आणि कागद अपुरे म्हणून पोर परत पाठवणारी माझ्यासारखी शिक्षिका. आपण प्रेमाला अट लावतो. मूल आधी आपलं माना, मग अभ्यास घ्या. शिस्त हवीच, पण ती त्यानंतर.

आता नवीन मूल आलं, की मी त्याला आधी बाकावर बसवते, पाणी देते, नाव विचारते. दाखल्याचं नंतर बघू.